खोडलेला परिच्छेद

भांडण एका तिवईवरून सुरू झालं.

फ्रान्सच्या दरबारात राणीसमोर बसण्याचा मान मोजक्या बायकांना होता. ड्यूकची बायको असेल तर तिला बसायला तिवई मिळे. त्या तिवईला ना पाठ, ना हात, वर नुसती गादी. ज्यांना हा मान नव्हता त्या सरदारणी, घराणं कितीही जुनं असो, उभ्या राहत. फ्रान्स्वा द ला रोशफुकोची बायको उभी राहणाऱ्यांत होती. तो ड्यूकचा थोरला मुलगा होता, पण वडील हयात असेतो तो नुसता मार्सियाकचा प्रिन्स. चौदाव्या वर्षी त्याचं लग्न झालं होतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतरही बायकोला दरबारात बसायला जागा नव्हती.

त्याचं म्हणणं असं की राणीने आपले पांग फेडायला हवे होते. रिशल्य हा कार्डिनल राज्यावर हुकमत गाजवत होता आणि राणीच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहत नव्हतं, तेव्हा हा तरुण सरदार तिच्या बाजूने उभा राहिला. त्यापायी १६३७ साली तो आठ दिवस बास्तीच्या तुरुंगात बसला आणि पुढे दोनेक वर्षं त्याला व्हेर्तयच्या आपल्या वाड्यात दरबारापासून दूर राहावं लागलं. मग रिशल्य मेला, पाठोपाठ राजा मेला, आणि लहानग्या चौदाव्या लुईच्या नावाने राणीच कारभार पाहू लागली. आता आपला दिवस उगवला असं याला वाटलं. त्याने दोन गोष्टी मागितल्या. बायकोला तिवई, आणि स्वतःची गाडी थेट लूव्हरच्या आतल्या चौकापर्यंत नेण्याची परवानगी. वचनं मिळाली. तिवया मात्र दुसऱ्यांना मिळाल्या.

१६४८ मध्ये बंडाळी उसळली. इतिहासात तिला फ्राँद म्हणतात. तिची कारणं मोठी होती. कर वाढले होते, पॅरिसचं न्यायमंडळ चिडलेलं होतं, आणि नवा कार्डिनल माझारँ परका होता. ला रोशफुको बंडवाल्यांना जाऊन मिळाला. का मिळाला, हे सांगणारं एक लांबलचक निवेदन त्याने लिहिलं आणि त्यात आपली सगळी गाऱ्हाणी मांडली. त्या गाऱ्हाण्यांत तिवई आहे. त्याखेरीज लाँगव्हिलच्या डचेसवरचं त्याचं प्रेमही होतं, आणि ती बंडवाल्यांच्या अग्रभागी होती. देशाची चिंता, प्रेम आणि अपमान यांचा असा गोफ एकदा विणला गेला की त्यातला कोणता पदर कुठे सुरू होतो हे विणणाऱ्यालाही कळत नाही. ला रोशफुकोला पुढे कळलं, पण त्याची किंमत मोजल्यावर.

१६५० मध्ये सरकारी हुकमाने व्हेर्तयचा वाडा पाडला गेला. त्याच वर्षी वडील वारले आणि तो ड्यूक झाला. म्हणजे ज्या पदवीबरोबर तिवई आपोआप आली असती ती पदवी हाती आली, तेव्हा राहायला वाडा नव्हता आणि दरबारात शिरायची सोय नव्हती. २ जुलै १६५२ रोजी पॅरिसच्या सेंत-आंत्वान वेशीजवळच्या लढाईत बंदुकीची गोळी त्याच्या चेहऱ्यात, डोळ्यांलगत शिरली. दोन्ही डोळे जाणार असं वाटत होतं. ते वाचले, पण काही काळ त्याला दिसत नव्हतं. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. पैसा गेला होता, डचेसचं मन दुसरीकडे वळलं होतं, आणि पुढच्या वर्षी बंडही संपलं. राजा जिंकला, कार्डिनल परत आला, आणि कालचे कित्येक बंडवाले त्याच्यापुढे वाकून उभे राहिले.

ज्या माणसासाठी ही गोष्ट सांगायची तो इथून पुढे घडतो. लढाया त्याच्याआधी आणि नंतर पुष्कळांनी हरल्या. हरल्यावर बहुतेक जण नशिबाला किंवा फितुरांना दोष देत आठवणी लिहितात. ला रोशफुकोनेही आठवणी लिहिल्या. पण त्या लिहून झाल्यावर तो तिथे थांबला नाही. आपण आणि आपल्या भोवतालचे सगळे मोठमोठे शब्द उच्चारत असताना आतून नेमकं कोण बोलत होतं, या प्रश्नाने त्याची पाठ धरली.

पॅरिसच्या दक्षिणेला पोर-रॉयालचा मठ होता. त्याच्या आवारात मादाम द साब्ले नावाची एक वयस्क विधवा राहत असे. तिचा जन्म १५९९ चा, म्हणजे ती त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. साऱ्या पॅरिसला तिच्याबद्दल दोन गोष्टी माहीत होत्या. तिला आजारपणाची आणि मरणाची विलक्षण भीती वाटे, आणि तिच्या स्वयंपाकघराला तोड नव्हती. मठाच्या सावलीत राहूनही ती मुरंबे आणि रश्श्यांचे नवेनवे प्रयोग करी. तिच्याकडे बैठक जमे. धर्मशास्त्री, वैद्य, सरदार आणि विदुषी तिथे एकत्र बसत. वचनं रचणं हा त्या बैठकीचा छंद. कोणी एखादा विचार काढायचा, दुसऱ्याने तो घासायचा, तिसऱ्याने त्यातला जास्तीचा शब्द उडवायचा. झाक एस्प्री हा विद्वान, साब्ले आणि ला रोशफुको या तिघांत तर चिठ्ठ्यांची अखंड ये-जा होती. एका पत्रात ला रोशफुकोने आपल्याकडची सगळी वचनं तिला पाठवली आणि बदल्यात गाजराचं सूप आणि मटणाचा रस्सा मागितला. मला हे पत्र फार आवडतं. माणसाच्या मनाचे इतके कडू निष्कर्ष काढणाऱ्याला भूक लागत होती आणि कोणाच्या हातची चव त्याला हवीशी वाटत होती, हे त्याची वचनं वाचताना ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

त्या वचनांच्या मुळाशी एक शब्द आहे. फ्रेंचमध्ये तो ‘आमूर-प्रोप्र’. शब्दशः पाहिलं तर स्वतःवरचं प्रेम, पण तेवढ्याने भागत नाही. स्वाभिमान म्हणावं तर तो गुण होतो, स्वार्थ म्हणावं तर हिशेबी वाटतो. मराठीत मला ‘मीपणा’ हाच शब्द त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. फरक एवढाच की आपल्याकडे या शब्दाला देवघराचा वास आहे, आणि ला रोशफुकोचा मीपणा दिवाणखान्यात वावरतो. तो नम्रतेचा वेश करतो, उपकार लक्षात ठेवतो, रणांगणावर धारातीर्थी पडायला निघतो, मित्राच्या सांत्वनाला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी हळूच स्वतःचं आसन शोधतो. या मीपणावर ला रोशफुकोने एक मोठा तुकडा लिहिला. त्याची बाकीची वचनं एकदोन ओळींची. हा मात्र पानंच्या पानं चालतो आणि समुद्राच्या उपमेवर जाऊन थांबतो. तो वाचताना वाटतं की याने हा प्राणी बिळापर्यंत पाठलाग करून पाहिला आहे. एवढं बारीक वर्णन दुसऱ्याला पाहून करता येत नाही.

वचनं बरीच साठली तेव्हा, १६६३ च्या सुमारास, साब्लेने एक शहाणपणाचं काम केलं. तिने हस्तलिखित ओळखीच्या मंडळींत फिरवलं आणि त्यांची मतं लेखी मागवली. मत देणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या आणि त्यांनी भीड ठेवली नाही. गेमेनेच्या प्रिन्सेसचा सूर असा, की यात सत्यापेक्षा लिहिणाऱ्याचा स्वभावच जास्त दिसतो. शोंबर्गच्या डचेसला पुष्कळ पटलं, पण हे वाचून माणसाच्या चांगुलपणावरचा विश्वास डळमळेल अशी चिंताही तिला वाटली. मादाम द लाफायेत तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. ती तर हबकूनच गेली. इतकं सगळं ज्याला सुचतं त्याचं मन आणि बुद्धी किती सडलेली असली पाहिजे, अशा अर्थाचं तिने साब्लेला कळवलं.

पुस्तक क्लोद बार्बँ या प्रकाशकाने काढलं. त्यावर साल १६६५ आहे, लेखकाचं नाव नाही. पॅरिसमध्ये कोणालाही ते विचारावं लागत नव्हतं. पहिल्याच पानासमोर एक चित्र आहे. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचा अर्धपुतळा चौथऱ्यावर आहे. एका बालकाने त्याच्या चेहऱ्यावरचा शांत, हसरा मुखवटा काढून हातात धरला आहे, आणि मुखवट्याखालचा खरा चेहरा त्रासलेला दिसतो. बालकाचं नाव खाली दिलं आहे, सत्याची आवड. शूर मरणाबद्दल आणि सुखदुःखाला समान मानण्याबद्दल लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांनी मीपणा जिंकला नव्हता, फक्त झाकला होता, असा त्या चित्राचा दावा आहे. दुसऱ्याचा मुखवटा काढणं ही मोठी हिंमत आहे यात शंका नाही.

त्याच वर्षाच्या जानेवारीत पॅरिसमध्ये एक नवीच गोष्ट सुरू झाली होती. ‘ज्यूर्नाल दे साव्हाँ’, म्हणजे विद्वानांसाठी साप्ताहिक. नव्या पुस्तकांची ओळख करून द्यायची, हे त्याचं एक मुख्य काम. युरोपात असं काही यापूर्वी निघालं नव्हतं. पहिला अंक ५ जानेवारीचा. ला रोशफुकोच्या पुस्तकावर तिथे काही यावं असं ठरलं आणि लिहिण्याचं काम साब्लेकडे आलं. आज आपण ज्याला पुस्तकपरीक्षण म्हणतो ते अजून बाळसंही धरत नव्हतं. त्या वेळच्या या पहिल्यावहिल्या परीक्षणांतलं एक, लेखकाच्या जिवलग मैत्रिणीने लिहिलं.

फेब्रुवारीत तिने मजकूर लिहिला आणि छापायला देण्याआधी त्यालाच पाठवला.

मजकूर लहानच होता. मानवी हृदयाचं इतकं सूक्ष्म दर्शन कोणी घडवलं नव्हतं, असं कौतुक त्यात होतं. पण मधल्या भागात तिने वाचकांचे दोन पक्ष मांडले होते. एका पक्षाचं म्हणणं असं, की माणसाचं इतकं भयंकर चित्र काढणं हा माणसाचा अपमान आहे, आणि लेखकाला या चित्राचा नमुना स्वतःखेरीज दुसरीकडे मिळालाच नसेल. असे विचार उघड करणं धोक्याचं आहे, कारण चांगली कामंही वाईट हेतूनेच होतात असं एकदा पटलं की चांगलं वागण्याची उठाठेव कोण करील? मग तिने दुसरा पक्ष मांडला. त्याला हे पुस्तक फार उपयोगी वाटतं, कारण माणूस स्वतःच्या गुणांबद्दल जी भूल पाडून घेतो ती यातून उतरते.

यातलं पहिल्या पक्षाचं एकही मत तिने पदरचं घातलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींच्या पत्रांत आलेलंच तिने नीट मांडलं होतं. त्या बैठकीत जे सगळे बोलत होते तेच कागदावर आलं होतं.

सोबतच्या पत्रात तिने त्याला मोकळीक दिली. हा मजकूर आपलाच समजून हवा तसा दुरुस्त करावा, नाहीतर सरळ जाळावा. तुम्हाला जी जागा दुखते तीही मी यात घातली आहे, हे तिने लपवलं नाही. आणि ती घालताना भीती वाटली नाही, कारण तुम्ही ती छापू देणार नाही याची मला खात्री आहे, असंही सांगितलं.

या पत्रापाशी मी नेहमी थांबतो. ती त्याला ओळखत होती. तो काय करणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही तिने तो परिच्छेद लिहिला. तो वगळून नुसतं कौतुक पाठवणं सोपं होतं. त्याला न दाखवता परस्पर छापणंही सोपं होतं, साप्ताहिक पॅरिसमध्येच निघत होतं. तिने यातलं काहीच केलं नाही. खरं ते लिहिलं आणि लेखणी त्याच्याच हातात दिली.

त्याने तो परिच्छेद खोडला.

९ मार्च १६६५ च्या अंकात परीक्षण आलं. त्यात कौतुक होतं. माणसाचा अपमान, स्वतःवरून काढलेला नमुना, धोका, हे काहीच नव्हतं. सेनेकाच्या चेहऱ्यावरून मुखवटा उतरवणाऱ्या माणसाने आपल्या पुस्तकावर एक छोटासा मुखवटा चढवला. ज्या मीपणाचं त्याच्याइतकं बारीक वर्णन कोणी केलं नव्हतं, तोच त्याच्या हातातल्या लेखणीत येऊन बसला. आणि खोडलेलं वाक्य तरी कोणतं? या चित्राचा नमुना लेखकाने स्वतःवरून घेतला आहे, हे. ते राहू दिलं असतं तर तो केवळ एका पक्षाचा आरोप राहिला असता. खोडून त्याने त्याची साक्ष दिली.

हे सांगताना मी त्याला खाली ओढतो आहे असं कोणी समजू नये. तरुणपणी माझ्या पहिल्या पुस्तकावर एका शिक्षक मित्राने एका दिवाळी अंकासाठी लिहिलं होतं. देण्याआधी त्याने कागद मला दाखवले. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दोन वाक्यं होती. माझ्या गोष्टींतली गरीब माणसं मला कळलेली नाहीत, मला फक्त त्यांची कीव येते, अशा अर्थाची. मी म्हटलं, एवढी दोन काढली तर बरं होईल, जागाही वाचेल. तो काहीच बोलला नाही. पेन काढून त्याने माझ्यासमोर ती खोडली. त्या परीक्षणातलं कौतुकाचं एकही वाक्य मला आज आठवत नाही. ती दोन शब्दशः आठवतात. ती बरोबर होती हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. त्या काळात मी तशाच आणखी पुष्कळ गोष्टी लिहिल्या, आणि तो मित्र मला पुन्हा कधी काही वाचून दाखवा म्हणाला नाही.

ला रोशफुकोला इतकी वर्षं लागली नाहीत, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं. पुढच्याच वर्षी, १६६६ मध्ये, दुसरी आवृत्ती निघाली. पहिलीत पुस्तकाची बाजू मांडणारी, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली लांबलचक प्रस्तावना होती. ती त्याने काढली. मीपणावरचा तो मोठा, गाजलेला तुकडाही काढला. लेखकाला आपल्या सर्वांत देखण्या पानावर काट मारणं किती जड जातं हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. नंतर १६७१, १६७५ आणि १६७८ अशा तीन आवृत्त्या त्याच्या हयातीत आणखी निघाल्या. पहिल्या आवृत्तीत तीनशेच्या वर वचनं होती, पाचवीत पाचशे चार झाली. या तेरा वर्षांत तो शब्द हलवत, घटवत, बदलत राहिला. पहिल्यांदा जिथे सगळ्या माणसांवर सरसकट शिक्का बसला होता तिथे कित्येक ठिकाणी ‘बहुधा’ आला, ‘पुष्कळदा’ आला, ‘जवळजवळ’ आला. हे शब्द लहान आहेत. वचनाची धार त्यांनी कमी होते, म्हणून वचनं लिहिणारे त्यांना टाळतात. पण ‘बहुधा’ म्हटल्यावर ज्यांचा चांगुलपणा खरा आहे अशा थोड्यांसाठी दार उघडं राहतं. खोडलेल्या परिच्छेदातल्या पहिल्या पक्षाचं म्हणणं हेच तर होतं. एका साप्ताहिकात त्याने ते येऊ दिलं नाही, आणि पुढची तेरा वर्षं आपल्याच पुस्तकात, एकेका शब्दाने, ते येऊ दिलं.

माझ्या मते त्याचा मोठेपणा वचनांच्या धारेपेक्षा या ‘बहुधा’मध्ये जास्त आहे. धार त्या बैठकीतल्या पुष्कळांकडे होती. एस्प्रीकडे विद्वत्ता होती, साब्लेची स्वतःची वचनंही पुढे तिच्या मृत्यूनंतर छापली गेली. पण आपल्या सर्वांत टाळीच्या वाक्याकडे पुन्हा पुन्हा परत येऊन, हे खरंच सगळ्यांना लागू आहे का, असं विचारायला जो धीर लागतो तो रणांगणावरच्या धीरापेक्षा वेगळा आहे.

जिने त्याचं मन सडलेलं ठरवलं होतं त्या मादाम द लाफायेतचं काय झालं? तीच त्याची सर्वांत जवळची स्नेही झाली. साधारण १६६५ पासून तो जवळजवळ रोज तिच्या व्होजिरारच्या रस्त्यावरच्या घरी जाऊन बसू लागला, आणि हा परिपाठ त्याच्या अखेरपर्यंत चालला. ती कादंबऱ्या लिहीत होती, तो वचनं दुरुस्त करत होता, दोघांच्याही प्रकृती तोळामासा. तिने त्याच्याबद्दलचं पहिलं मत बदललं, आणि ते बदलायला त्याने तिला कारण दिलं.

त्या घरात घडलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १६५९ मध्ये, पुस्तकाच्या कितीतरी आधी, ला रोशफुकोने स्वतःचं शब्दचित्र लिहून छापलं होतं. तेव्हा तशी पद्धतच पडली होती. त्यात त्याने म्हटलं होतं की दया मला फारशी शिवत नाही आणि मुळीच शिवू नये अशी माझी इच्छा आहे. स्वतःकडे इतक्या थंडपणे पाहणारा माणूस खोटं बोलत नसावा, असं वाचणाऱ्याला वाटतं. १२ जून १६७२ रोजी चौदाव्या लुईच्या फौजेने ऱ्हाईन नदी ओलांडली. काही दिवसांनी बातमी पॅरिसला आली. ला रोशफुको लाफायेतच्या घरी होता, तिथेच ती त्याच्या कानावर पडली. थोरला मुलगा जखमी, धाकट्यांतला एक ठार, आणि लाँगव्हिलचा तरुण ड्यूकही ठार. हा ड्यूक डचेसच्या पोटी १६४९ मध्ये, बंडाच्या ऐन धामधुमीत जन्मला होता. त्याचा खरा बाप कोण हे सगळं पॅरिस जाणत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. एका बातमीत त्याचे दोन मुलगे गेले. त्यांतल्या एकासाठीच त्याला चारचौघांत रडता येणार होतं.

लाफायेतची मैत्रीण मादाम द सेविन्ये तिथे होती. मुलीला लिहिलेल्या पत्रांत तिने हे कळवलं आहे. डोळ्यांतून पाणी आलं नाही, ते आत हृदयाच्या तळाशी वाहत होतं, असं तिचं निरीक्षण. त्याच्या आईच्या मरणाने तो रडतानाही तिने त्याला पाहिलं होतं. या माणसाचं मन तिला या काळात उघडं दिसलं, आणि धीर, माया आणि विवेक यांत तिने त्याला आपण पाहिलेल्या माणसांच्या अगदी पहिल्या ओळीत बसवलं. सेविन्ये कोणाची भाटगिरी करणारी नव्हती. तिच्या पत्रांत भल्याभल्यांची फजिती आहे.

म्हणजे दया शिवत नाही, हे त्याचं स्वतःबद्दलचं वाक्य चुकलं होतं. माणूस आपल्या दुर्गुणांना गुणांचे कपडे चढवतो हे त्याने दाखवलं. आपल्या मायेवर निर्दयपणाचा कपडा चढवणारेही असतात, आणि तो त्यांच्यातला होता, हे त्याने लिहिलं नाही. ते एका बाईने पाहून दुसरीला लिहिलं. स्वतःला पुरतं पाहायला त्यालाही दुसऱ्याचे डोळे लागले. १६६५ मध्ये ते डोळे नकोसे झाले म्हणून त्याने परिच्छेद खोडला होता. आता तेच डोळे त्याच्याजवळ बसले होते.

साब्ले १६७८ च्या जानेवारीत वारली. ज्या मरणाच्या धास्तीने ती जन्मभर आजाऱ्यांपासून चार हात दूर राहिली ते तिला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आलं. संधिवाताने जर्जर झालेला ला रोशफुको १६८० च्या मार्चमध्ये, १६ आणि १७ तारखेच्या मधल्या रात्री गेला. धर्मोपदेशक बॉस्युए उशाशी होता. लाफायेत त्यानंतर तेरा वर्षं जगली.

‘ज्यूर्नाल दे साव्हाँ’चा तो अंक ज्यांनी वाचला त्यांना साब्लेने दोन पक्ष मांडले होते हे कळायला मार्ग नव्हता. पण साब्लेच्या पदरी नोएल वालाँ नावाचा एक वैद्य होता. तो तिची प्रकृती पाही, पत्रव्यवहार सांभाळी, आणि तिच्या घरातला कागदाचा कपटा फेकू देत नसे. मैत्रिणींची मतं, सूप मागणारी चिठ्ठी, पाककृती, औषधांच्या याद्या, परीक्षणाचा पहिला मसुदा, सगळं त्याने गोळा करून बांधून ठेवलं. ते दप्तर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टर कुझँ या तत्त्वज्ञाने त्या कागदांच्या आधारे साब्लेवर पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून अभ्यासक तो मसुदा छापत आले.

फ्रान्समध्ये आज या वचनांची एखादी चांगली, टिपांसह आवृत्ती उघडली तर पाचशे चार वचनं संपल्यावर मागच्या पानांत साब्लेचा मजकूर सापडतो. त्यात तो परिच्छेद पुरा आहे.